शुक्रवारचा वारा

शिखरावर नारळ फोडायचा की नुसताच ठेवायचा, यावर बेस कॅम्पच्या जेवणाच्या तंबूत सकाळपासून चर्चा चालली होती. आमच्या मोहिमेचे नेते धनाजीराव खैरमोडे, म्हणजे आप्पा, फोडायच्या बाजूचे होते. एवढ्या थंडीत नारळातलं पाणी आधीच दगड झालेलं असेल, असं मी सुचवून पाहिलं. आप्पा म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त वाऱ्याचं बघा."

मोहिमेत माझं काम खरोखर तेवढंच होतं. मी पुण्याच्या एका कॉलेजात हवामानशास्त्र शिकवत होते. कराडच्या गिरिशौर्य मंडळानं मला नेपाळात आणलं, कारण देणगीदारांना वाटायच्या रंगीत पत्रकात 'शास्त्रीय सल्लागार' या शब्दांपुढं जागा रिकामी दिसत होती. शिखराचं नाव मी सांगत नाही. ते आठ हजार मीटरच्या वरचं होतं एवढं पुरे, आणि मंडळाचे वकील अजून ठणठणीत आहेत.

मोहिमेचे मुख्य देणगीदार होते बागडाणे शेठ, पापड आणि मसालेवाले. त्यांच्या कारखान्याला पंचवीस वर्षं होत होती, आणि त्या समारंभाची तारीख शुक्रवारी ठरली होती. कराडमध्ये मोठा हॉल घेतला होता, पाहुणे बोलावले होते. पाहुणे जेवायला बसायच्या आधी, शिखरावरून थेट आवाज हॉलमध्ये ऐकू यायचा होता. त्यासाठी शेठनी सूटकेसएवढा एक सॅटेलाइट फोन भाड्यानं घेऊन दिला होता. शिखरानं शुक्रवारी मोकळं असावं, हे शेठनी गृहीत धरलं होतं. हॉल मोकळा होता, मग शिखराला काय झालं होतं?

वर जाणारी होती संजीवनी तुपे. पाटणची मुलगी, चोवीस-पंचवीस वर्षांची, कमी बोलणारी. तिची आई शाळेचे गणवेश शिवून घर चालवायची. "नाव संजीवनी, म्हणजे पर्वत आलाच," हे वाक्य आप्पांनी प्रत्येक भाषणात वापरलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते आत्ताच सुचल्यासारखे थांबत. बाकीचे चौघं गडी खोकला, जुलाब आणि देशभक्ती यांनी एकेक करून खाली बसले होते. उरली ही एकटी, आणि तिच्याबरोबर दावा नावाचा शेर्पा. ते दोघं तिसऱ्या कॅम्पवर पोचले होते. तिथून पुढचा मुक्काम शिखरच.

मी बाहेर जाऊन वारा पाहिला. खाली शांत होतं. वर, शिखराच्या टोकावरून बर्फाची जी लांब शेपटी रोज उडताना दिसायची, ती त्या सोमवारी निम्म्यावर आली होती. दिल्लीत माझी एक जुनी सहकारी होती. ती रोज वरच्या हवेचे नकाशे पाहून मला फोनवर आकडे वाचून दाखवायची. त्या दिवशी तिनं आकडे वाचले आणि म्हणाली, विशाखा, तुझी मुलगी बुधवारी वर जाऊन परत येऊ दे. शुक्रवारी मी माझं मांजरसुद्धा तिथं पाठवणार नाही.

मी तंबूत येऊन आप्पांना हेच सांगितलं, मांजर वगळून. आप्पांनी कारण विचारलं. विचारलं हे खरं, ऐकायचं होतं असं नव्हे.

सांगायचं कसं, हा प्रश्न होता. हिवाळाभर त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याचा एक जबरदस्त पट्टा वाहत असतो. त्याला आम्ही जेट प्रवाह म्हणतो. मे महिन्यात तो उत्तरेला सरकतो आणि शिखरं काही दिवस मोकळी होतात. चढणारे लोक त्या दिवसांचीच वाट पाहत असतात. या वेळी भानगड अशी होती, की पश्चिमेकडून थंड हवेचा एक लोंढा उशिरानं उतरत होता, आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळानं उबदार, दमट हवा वर ढकलायला घेतली होती. दोन्ही आमच्या डोक्यावर येऊन एकमेकींना खेटणार होत्या.

"खेटू देत की," आप्पा म्हणाले. "थंड आणि गरम मिळून कोमट होईल."

शेठच्या पापडांना तंबूत तोटा नव्हता. मी तळलेल्या पापडांची एक चळत रचली आणि शेजारी तेवढ्याच कच्च्या पापडांची दुसरी. म्हटलं, ही उबदार हवा, फुगलेली, म्हणून उंच. ही थंड हवा, आकसलेली, म्हणून बुटकी. पापड दोन्हीकडं सारखेच. तळाशी फरक दिसत नाही, पण जसजसं वर जावं तसतसा एका चळतीपासून दुसरीपर्यंतचा उतार वाढत जातो. वरची हवा त्या उतारावरून थंड बाजूकडं घसरायला बघते, पृथ्वी फिरत असल्यामुळं तिची दिशा वळते, आणि ती दोघींच्या मधल्या फटीतून सुसाट पळते. तोच जेट प्रवाह. आता या दोन चळती लांब असतील तर उतार सौम्य. मी चळती जवळ सरकवल्या. जितक्या जवळ येतील तितका उतार उभा, तितका वारा वेडा. कोमट व्हायला वेळ लागतो, आप्पा, आणि तोवर शुक्रवार येऊन जातो. शिवाय उत्तरेला गेलेला पट्टा या झटापटीत पुन्हा खाली ओढला जाईल, थेट आपल्या शिखरावर.

आप्पांनी सगळं लक्ष देऊन पाहिलं. मग उबदार हवेच्या माथ्यावरचा पापड उचलला आणि खाल्ला.

"शेठच्या पत्रिका वाटून झाल्यात," ते म्हणाले.

त्यांनी रेडिओवरून संजीवनीला हुकूम दिला, की गुरुवारपर्यंत तिसऱ्या कॅम्पवर थांबायचं आणि शुक्रवारी पहाटे निघायचं. त्या उंचीवर नुसतं झोपलं तरी माणूस झिजत जातो, चार दिवस तिथं काढून शिखरावर जाणं म्हणजे उपाशीपोटी शर्यत पळणं, हे आप्पांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरुणपणी ते खरोखर चांगले गिर्यारोहक होते. पुढं मंडळ काढलं, आणि मंडळाला डोंगरापेक्षा हॉल जास्त लागतात.

संध्याकाळी ते फोनवर शेठशी बोलायला बाहेर गेले तेव्हा रेडिओ वाजला. संजीवनी होती.

"ताई, शुक्रवारी कसं आहे?"

"शुक्रवारी वर उभं राहता येणार नाही. रांगताही येणार नाही."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी येईल. दुपारपर्यंत. त्यानंतर लगेच खाली यायचं."

मग ती म्हणाली, "नक्की?"

मी पंधरा वर्षं हवामान शिकवत होते. आमच्या शास्त्रात हा शब्द नाही. आम्ही 'शक्यता' म्हणतो, 'कल' म्हणतो, आणि चुकलो तर 'स्थानिक घटक' म्हणतो. पण या शब्दावर ती पाय टाकणार होती.

"नक्की," मी म्हटलं.

"बॅटरी उतरलीय वाटतं, ताई," ती म्हणाली आणि रेडिओ बंद झाला.

मंगळवारी दिवसभर आप्पा रेडिओवर ओरडत राहिले. त्यांना वाटलं बॅटरी. मी त्यांच्या तंत्रज्ञानविषयक मताचा आदर केला. बुधवारी सकाळी मी बाहेर खुर्ची टाकून शिखराकडं बघत बसले. शेपटी नव्हती. निळ्या आभाळात शिखर इतकं निमूट उभं होतं की मला माझ्याच शास्त्राचा संशय आला. मी त्या दिवशी जेवले नाही. आप्पांनी दोन वेळा विचारलं, मॅडम, तब्येत बरी आहे ना. त्यांना खरंच काळजी वाटत होती. शास्त्रीय सल्लागाराचा फोटो अजून काढायचा राहिला होता.

दुपार उलटल्यावर रेडिओ वाजला.

"जाऊन आले," संजीवनी म्हणाली. "तिसऱ्या कॅम्पवर आहे. दावा ठीक आहे. डाव्या पायाची दोन बोटं जाणवत नाहीयेत."

मी तंबूतल्या पापडांच्या एका पेटाऱ्यावर बसून रडले. आप्पा उभेच होते. चाळीस वर्षं डोंगरात घालवलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर निखळ आनंद आला, तो मी पाहिला, आणि म्हणून त्यांना मी पूर्ण वाईट कधीच म्हणू शकले नाही. तो क्षण गेला. मग त्यांनी विचारलं, "फोटो?"

"काढलेत. शेठच्या झेंड्याबरोबर."

"छान," आप्पा म्हणाले. "आता हे कुणाला बोलायचं नाही."

गुरुवारी संजीवनी आणि दावा दुसऱ्या कॅम्पवर उतरले आणि संध्याकाळी वारा आला. जवळचं शिखर दिसेना. वरून मालगाडी पुलावरून जावी तसा आवाज, थांबत नाही असा. दुसऱ्या कॅम्पवरून खाली येणंही अशक्य झालं. त्याच वाटेवर परदेशी लोकांची एक मोहीम होती, त्यांचे तंबू फाटले. माझं भाकीत इतकं तंतोतंत खरं ठरल्याचा आनंद साजरा करायला मात्र कुणाला सवड नव्हती, कारण शुक्रवार उजाडला.

आप्पांची योजना साधी होती. संजीवनी दुसऱ्या कॅम्पवर तंबूत पडून रेडिओवर बोलेल. आप्पा रेडिओ सॅटेलाइट फोनला चिकटवून धरतील. कराडच्या हॉलमध्ये लाउडस्पीकरवर शिखर ऐकू येईल. ती नको म्हणाली. मग आप्पांनी तिला हळू आवाजात समजावलं. हुकूम मोडून चढलेल्या माणसाला मंडळ ओळखत नाही. मंडळाच्या पत्राशिवाय पोलीस खात्यातली खेळाडूंच्या कोट्यातली जागा मिळत नाही. आणि शेवटी, तू वर गेलीसच ना? मग दोन दिवस इकडचे तिकडे. देव काही तारीख बघत नाही.

मी मध्ये बोलले, तर आप्पांनी मला वारा मोजायला बाहेर पाठवलं. वारा मोजायचं यंत्र आदल्या संध्याकाळीच उडून गेलं होतं. मी तंबूच्या कापडाशी उभी राहून ऐकत होते.

"मी संजीवनी तुपे, शिखरावरून बोलतेय," तिचा आवाज आला. मागं तिचा तंबू फडफडत होता, आणि त्याच्यामागं तो जेट प्रवाह गर्जत होता. शिखराचा इतका अस्सल आवाज कुठल्याही नाटक मंडळीला जमला नसता. हॉलमधल्या टाळ्या मला तंबूबाहेरही ऐकू आल्या. शेठनी माईक पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आईच्या हातात दिला. आई एवढंच म्हणाली, "संजे, जपून उतर बाई."

संजीवनीनं रेडिओ बंद केला. आप्पांनी संपर्क तुटल्याचं जाहीर केलं आणि पाहुणे जेवायला उठले.

पुढं वर्षभर सत्कार झाले, आणि पोलीस खात्यातली ती नोकरीही संजीवनीला मिळाली. तिच्या पायाची दोन बोटं कापावी लागली, त्यामुळं सत्कारांना जास्तच रंग चढला. मग राज्यातल्या एका मोठ्या साहस पुरस्कारासाठी तिचं नाव गेलं, आणि तिथं गाडं अडलं. त्या परदेशी मोहिमेचा अहवाल कुणीतरी वाचला होता. त्यात लिहिलं होतं की शुक्रवारी त्या डोंगरावर कुणीही तंबूबाहेर पडू शकलं नाही. आणि मंडळानं जोडलेल्या फोटोत बागडाणे शेठचा झेंडा दोरीवर वाळत घातलेल्या पंच्यासारखा निवांत लोंबत होता.

समितीनं आम्हाला मुंबईला बोलावलं. आदल्या दिवशी आप्पा माझ्या घरी आले, येताना पेढे घेऊन. म्हणाले, मॅडम, तुम्ही फक्त म्हणा की सकाळी तासभर वारा पडला होता. एक तास. हवामानात असं होतं की नाही? मी म्हटलं, होतं. मग झालं तर, ते म्हणाले. पोरगी खरंच वर जाऊन आलीय. एका तासानं कुणाचं नुकसान होतंय?

कुणाचंच होत नव्हतं, हीच अडचण होती. त्यांच्या बोलण्यात मला खोट सापडेना. मी खरं बोलले तर तिची नोकरी जाणार. खोटं बोलले तर एका खऱ्या गोष्टीला खरं म्हटलं जाणार. मी पेढे घेतले, शब्द मात्र दिला नाही.

समितीत तिघं होते. त्यातल्या दोघांनी डोंगर बहुधा खिडकीतून पाहिले असावेत, पण खिडकी मोठी असावी, कारण आत्मविश्वास दांडगा होता. अध्यक्षांनी मला विचारलं, "त्या शुक्रवारी शिखरावर माणूस उभा राहू शकला असता का?"

मी संजीवनीकडं पाहिलं. आप्पा माझ्याकडं पाहत होते. मी बोलायला तोंड उघडलं, आणि काय बोलणार होते ते मला आजही सांगता येणार नाही.

"ताई," संजीवनी म्हणाली, "खरा वारा सांगा."

म्हणून मी सांगितला. थंड हवा कुठून आली, उबदार कुठून, दोघी कुठं भिडल्या आणि त्या उंचीवर वारा ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढं कसा गेला. पापडांशिवाय सांगितल्यामुळं कुणालाच फारसं कळलं नाही, पण दीडशे हा आकडा कळला. मग संजीवनी उभी राहिली. ती म्हणाली, मी बुधवारी वर गेले होते. शुक्रवारी मी झोपायच्या पिशवीत पडून खोटं बोलत होते.

समितीनं विचार केला. शुक्रवारची चढाई अमान्य, कारण ती अशक्य होती. बुधवारचीही अमान्य, कारण ती सांगणारी व्यक्ती शुक्रवारबद्दल खोटं बोललेली होती. दावानं नेपाळहून बुधवार असंच लिहून पाठवलं होतं, पण तो मोहिमेचा पगारी माणूस, सबब पक्षपाती. फोटोतल्या लोंबत्या झेंड्यावरून वारा नव्हता एवढंच सिद्ध होत होतं, शिखर होतं हे नव्हे. अशा रीतीनं आमची मोहीम दोन वेळा शिखरावर जाऊन एकदाही न पोचलेली, बहुधा जगातली एकमेव मोहीम ठरली.

आप्पांनी समितीला सांगितलं की आपल्याला अंधारात ठेवण्यात आलं. अंधार त्यांना मानवला. दोन वर्षांनी त्याच समितीनं त्यांना जीवनगौरव दिला. भाषणात त्यांनी शिस्तीचं महत्त्व सांगितलं म्हणतात.

समितीचा निकाल ऐकून त्याच दिवशी मुंबईहून मी संजीवनीबरोबर पाटणला गेले. बसमध्ये ती म्हणाली, आईला वर्तमानपत्रातून कळायच्या आधी सांगायला हवं. वाटेत मी तिला विचारलं, समितीपुढं तू का बोललीस? गप्प बसली असतीस तर मी कदाचित तो एक तास दिला असता.

ती म्हणाली, "वर्षभर आई येईल-जाईल त्याला सांगते, माझ्या पोरीशी मी शिखरावर बोलले. मला विचारते, एवढ्या वाऱ्यात माझा आवाज तुला आला का? मी हो म्हणते. ताई, मी खरंच वर गेले होते. पण आता ते आठवायला गेले की तो तंबूच आठवतो. ते खोटं बोलणं त्याच्यावर येऊन बसलंय."

घरी तिची आई शिलाई मशीनवर बसली होती. जून जवळ आला होता, निळ्या कापडाचा ढीग पडलेला. आईनं मला पाट दिला, पाणी दिलं, आणि लेकीकडं बघून काहीतरी बिनसलंय हे ओळखलं. संजीवनीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बुधवार, शुक्रवार, रेडिओ, समिती, नोकरी जाणार हेही.

आई मशीनचं चाक हातानं धरून बसली होती.

"म्हंजे मी 'जपून उतर' म्हनाले, तवा तू तंबूत व्हतीस."

"हो."

"आनि समदा हॉल टाळ्या वाजवत व्हता."

"हो."

आईनं नाकानं एक श्वास सोडला. मला वाटलं आता रडणं येईल, किंवा बोलणी बसतील, आणि त्यातला वाटा मलाही मिळेल. मी त्या तयारीनं पाटावर सावरून बसले.

"आनि बुधवारी?" आई म्हणाली. "खरी गेलीस तवा? तवा काय बोललीस?"

"काहीच नाही."

"काहीच न्हाई?"

"दावा त्याचं काहीतरी पुटपुटत होता. मी गप्पच होते. वारा अजिबात नव्हता, आई. इतकं शांत होतं. पण सांगणार कुणाला?"

आईनं सुईखालचं कापड सोडवलं, दोरा दातानं तोडला, निळ्या कपड्यांचा ढीग बाजूला सारला आणि लेकीला बसायला जागा केली.

"मग आता सांग," ती म्हणाली.

संजीवनी बसली. मग तिनं तिसऱ्या कॅम्पवरून, बूट चढवण्यापासून सुरुवात केली, आणि आई ऐकत राहिली. माझी शास्त्रीय सल्लागाराची नेमणूक तिथं संपली. मी चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.